आलेखाच्या चित्रातून आकडे काढण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर

प्रश्न : एका जुन्या शोधनिबंधातील आलेखाशी मला माझी मोजमापे ताडून पाहायची आहेत, परंतु निबंधात आकड्यांचे कोष्टक नाही, हाती आहे ते केवळ स्कॅन केलेले चित्र, आणि त्यातील उभा अक्ष लॉगरिदमिक आहे, म्हणजे त्यावर समान अंतरागणिक किंमत समान पटीने वाढत जाते. पट्टीने मोजून पाहिले, पण त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कृपया एखादे मोफत साधन सुचवावे.

उत्तर १ : ब्राउझरमध्येच चालणारे वेबप्लॉटडिजिटायझर वापरून पाहावे. चित्र उघडल्यावर प्रत्येक अक्षावरील दोन ज्ञात बिंदूंवर क्लिक करून त्यांच्या किमती भराव्यात आणि उभ्या अक्षासाठी लॉगचा पर्याय आठवणीने निवडावा. तो राहून गेल्यास १० आणि १०० यांच्या बरोबर मध्यावरचा बिंदू सुमारे ३१.६ ऐवजी ५५ असा वाचला जातो. माझ्या हातून हे घडले होते आणि आठवडाभराची आकडेमोड पुन्हा करावी लागली.

उत्तर २ : इंटरनेटशिवाय काम करायचे असल्यास एन्गेज डिजिटायझर आहे. त्यात अक्षांवरील तीन बिंदू द्यावे लागतात, त्यामुळे स्कॅन करताना कागद किंचित तिरका झालेला असला तरी हिशेब बिघडत नाही.

उत्तर ३ : अचूकतेची मर्यादाही नोंदवावी, ही कळकळीची विनंती. शून्य ते ३० असा सरळ अक्ष ६०० पिक्सेलांत मावला असेल, तर एक पिक्सेल म्हणजे ०.०५, त्याहून बारीक दशांश लिहिण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. चित्र अधिक रिझोल्यूशनवर पुन्हा स्कॅन करून घेतो.