मदत हवी आहे: ग्वाग्वांकोत (क्युबन रुंबाचा एक प्रकार) क्लावेचा तिसरा ठोका सरकतो
क्युबात मातान्सासला एका माएस्त्रोंकडे (गुरूंकडे) रुंबा शिकतेय, कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) आणि नाच दोन्ही. रुंबा क्लावे (सगळ्या तालाचा आधार असलेला पाच ठोक्यांचा ठेका) 16 मात्रांत मोजली तर ठोके 1, 4, 8, 11, 13 वर, आणि नुसत्या टाळीने ते बरोबर जमतात पण पाय सुरू केले की 8 वरचा ठोका 7 वर येतो, म्हणजे सोनची (दुसऱ्या एका क्युबन संगीतप्रकाराची) क्लावे होऊन बसते. मेट्रोनोम, हळू लय, तोंडाने म्हणत नाचणं, सगळं करून झालं. तबला थोडाफार येतो. माएस्त्रो मोजून शिकवत नाहीत, आधी कोरस गा म्हणतात, आणि ते मला मनापासून पटतं, म्हणून नोटेशन किंवा ॲप नकोय, सालसाच्या टिप्सही नकोत. रुंबा नाचणाऱ्यांनो, सुरुवातीला पाय कशाला धरून ठेवले, काताच्या (पोकळ लाकडी वाद्याच्या) काठ्यांना की तुंबाच्या (सगळ्यात खालच्या सुराच्या कोंगाच्या) खर्जाला?