अंड्यांवर यूव्ही-सी दिवा: घ्यावा की नको?

लेअरवाला:
अमेरिकेत विक्रीची अंडी धुऊन थंड ठेवतात. युरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी सहसा धुवायचीच नाहीत, कारण कवचावरच्या नैसर्गिक लेपाला इजा झाली की हजारो छिद्रं उघडी पडतात. आपल्याकडे ना धुणं ना थंडावा. ट्रे उन्हातान्हात टेम्पोतून दुकानात. मग २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्ही-सी दिवा का नको? पाणी नाही, रसायन नाही. जंतूंचा डीएनए बिघडतो, वाढ खुंटते. प्रतवारीच्या पट्ट्यावर बसवला की काम झालं. मोठ्या लेअर फार्मांनी, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी, तरी घ्यावाच.

सूक्ष्मदर्शी:
‘काम झालं’ कसं? विष्ठेचा वाळका डाग असेल तर त्याखालचे जंतू मजेत राहतात. अंडं रोलरवर फिरलं नाही तर खालची बाजू अंधारातच. आणि साल्मोनेला एंटेरिटिडिस हा विषबाधा करणारा जंतू कोंबडीच्या बीजांडकोशातून, कवच तयार होण्याआधीच आत शिरू शकतो. त्याला बाहेरचा दिवा काय करणार? ब्रिटनने १९९८पासून ‘लायन’ योजनेत, म्हणजे अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारायच्या योजनेत, कोंबड्यांना साल्मोनेलाची लस द्यायला सुरुवात केली. २०१७मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने त्या शिक्क्याची अर्धकच्ची अंडी गरोदर बायकांनाही चालतील असं सांगितलं. पैसे लशीत घाला.

हॅचरीतला:
दोघंही खायच्या अंड्यांवरच भांडताय. खाणारा ते उकडतो, त्यात बहुतेक जंतू मरतात. आमचं पिल्लू काढायचं अंडं २१ दिवस उबवणीत साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअसमध्ये राहतं. जंतूंना याहून चांगली सासुरवाडी नाही. म्हणून पोटॅशियम परमँगनेटवर फॉर्मलिन ओतून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूची धुरी द्यायची जुनी पद्धत. या फॉर्मल्डिहाइडला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या गटात टाकलं. डोळे चुरचुरत काम करणाऱ्या पोरांना विचारा. दिवा हवा तो इथे.

सूक्ष्मदर्शी:
पण साहेब, वायू ट्रेच्या कानाकोपऱ्यात पोचतो, प्रकाश सरळ जातो.

हॅचरीतला:
म्हणून तर डागाळलेली अंडी आधीच बाजूला काढायची आणि उजेड वरून-खालून द्यायचा. धुरीसुद्धा घाण साफ करत नाही!

लेअरवाला:
लस आणि दिवा यात भांडण कुठे आहे? लस कोंबडीला, दिवा कवचाला.

सूक्ष्मदर्शी:
भांडण खिशात आहे. दिव्याच्या नळीचा जोर वापरून उतरत जातो, धुळीने आणखी उतरतो. निळसर उजेड दिसतोय म्हणजे मात्रा पुरेशी, असं नव्हे. शिवाय उघड्या दिव्याखाली डोळे आणि कातडी भाजते. झाकण उघडताच दिवा बंद होत नसेल, तर तुमच्या पट्ट्याला माझा विरोधच.