मदत हवी आहे: आजोबांच्या जुन्या कोलोनच्या जवळ जाणारं काही सुचवा

आजोबा दाढीनंतर एक कोलोन लावायचे, बाटली अजून आहे पण लेबल पुसलंय, तळाला जेमतेम चमचाभर गडद पिवळं पाणी उरलंय. आता वरवर नेलपॉलिशसारखा आंबूस वास येतो, तो उडाला की मात्र खालचा जुना वास तसाच लागतो, कोरडा, कडवट, ओल्या शेवाळासारखा आणि त्यात थोडं लॅव्हेंडर.

४७११ नावाचं कोलोन वापरून पाहिलं, ते तर १७९२ पासूनचं म्हणतात, पण त्यात लिंबू-संत्र्याचा ताजेपणा जास्त आणि अर्ध्या तासात गायब. ओल्ड स्पाइस लवंग-दालचिनीकडे जातं, ते नाहीच. ब्रूट सगळ्यात जवळचं, पण फार गोड वाटलं.

वाचून एवढं कळलं की हा फुजेअर प्रकार असावा, म्हणजे लॅव्हेंडर, कुमारिन (वाळल्या गवतासारखा गोडसर वास) आणि ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल), १८८२ च्या फुजेअर रोयाल या परफ्यूमपासून चालत आलेला. आणि ओकमॉसमधल्या अ‍ॅट्रॅनॉलने अ‍ॅलर्जी होते म्हणून युरोपात २०१७ च्या नियमाने त्या घटकावर बंदी आली, त्यामुळे जुन्या परफ्यूमचे फॉर्म्युले बदलले. मग नवीन बाटलीत तो कडवटपणा कमी लागणं साहजिकच.

जुन्या सीलबंद बाटल्या सुचवू नका प्लीज, उन्हात राहिल्यात की अंधारात कसं कळणार. शिवाय बाबांना लावायचंय आणि त्यांची त्वचा नाजूक आहे (हो, पॅच टेस्ट करणारच).

तर अ‍ॅट्रॅनॉल काढलेला ओकमॉस वापरून केलेलं, गोड नसलेलं आणि सध्या बनत असलेलं एखादं फुजेअर कुणी स्वतः वापरलंय का, आणि तासाभराने अंगावर त्यातलं काय उरतं?