ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइड, १९७०-७९: कुठून सुरुवात करावी?

सुरपेटी_बंद: ‘डार्क साइड ऑफ द मून’ मोबाइलवर लावला की दर गाण्यानंतर खटकन तुटतं. उपाय काय? आणि त्या दशकातलं बाकीचं कोणत्या क्रमाने ऐकू? ‘अ‍ॅनिमल्स’ अर्ध्यातच सुटतो.

खर्ज: अ‍ॅपमध्ये गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पाडणारी सेटिंग) चालू, क्रॉसफेड शून्य, शफल बंद. क्रॉसफेड राहिला तर एका गाण्याचं शेपूट पुढच्यावर चढतं. फाइली एमपी३ असतील तर एन्कोडर (ती फाइल बनवणारा प्रोग्रॅम) आगेमागे थोडी शांतता भरतो, तीच ऐकू येते, फ्लॅक (FLAC) फाइली घ्या. रेकॉर्डवर खंड एकच होता, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’नंतर बाजू उलटण्याचा.

सुरुवात ‘मेडल’पासून (१९७१). त्याची दुसरी बाजू म्हणजे २३ मिनिटांचं एकटं ‘एकोज’. पुढचं सगळं तिथूनच फुटतं. मग ‘डार्क साइड’ (१९७३), ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५). ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ (१९७०) ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला खरा, पण ब्रास (पितळी वाद्यं) आणि कोरसचा तो पसारा सवय झाल्यावरच झेपतो.

सातवी_मात्रा: ‘मनी’ नीट मोजून ऐका. रूपक तालासारख्या सात मात्रा आहेत, फक्त ३-२-२ चे विभाग शोधू नका. सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज ही सात तुकडे जोडलेली टेप लूप (गोल फिरत तेच पुन्हा वाजवणारी टेप) आहे. तुकडे पट्टीने मोजून कापले होते, कारण एक जरी लांबला तरी ठेका लंगडतो. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटारचा सोलो आला की ताल चारात जातो. पाय चुकतो तो इथेच.

‘अ‍ॅनिमल्स’ (१९७७) सुटतो कारण मधली तीनही गाणी दहा मिनिटांच्या वर आहेत आणि सगळा भार शब्दांवर आहे. शब्द समोर ठेवा. ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’ १९७४ च्या मैफलींत वेगळ्या नावांनी वाजत होती. ती ‘विश यू वेअर हिअर’मध्ये घेतली नाहीत, म्हणून ऐकायची त्याच्यानंतर.

ओव्हरडब: ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ (१९७२) राहिला की! फ्रेंच चित्रपटाचं संगीत, फ्रान्समध्ये झटपट ध्वनिमुद्रित केलेलं. छोटी, सरळ गाणी. नवख्याला ‘अ‍ॅटम हार्ट’पेक्षा हाच द्यावा.

‘द वॉल’ (१९७९) अगदी शेवटी, दोन्ही रेकॉर्ड एका बैठकीत. त्यात रिक राइटचे कीबोर्ड शोधत बसू नका. तो त्याच कामादरम्यान बँडबाहेर पडला आणि नंतरच्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून आला. अल्बम रिपीटवर ठेवा: शेवटी तुटलेलं वाक्य सुरुवातीला पूर्ण होतं. सुरुवात फार हळू आहे, म्हणून आवाज वाढवू नका. काही सेकंदांत सगळा बँड अंगावर येतो.