मदत हवी आहे: शाळा-निवडीच्या फॉर्मवर पहिला क्रम कुठल्या शाळेला द्यावा? (अमेरिका)

पारिजातक
आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये यंदा किंडरगार्टनसाठी पत्त्यानुसार ठरलेली शाळा सोडून डिस्ट्रिक्टमधली दुसरी पब्लिक स्कूलही मागता येते. फॉर्मवर पाच शाळा क्रमाने लिहायच्या. आम्हाला हवी त्या शाळेवर सगळ्यांच्याच उड्या. "पहिला क्रम तिथे वाया घालवू नका, मिळेल ती शाळा वर टाका," असं शेजारचे सांगतात. खरंय का? आणि जवळच्या शाळेतली जागाही हातची जाईल का?

ओवी
डिस्ट्रिक्टला एवढंच विचारा: आमच्या दुसऱ्या क्रमाच्या शाळेत, तिला पहिला क्रम देणाऱ्यांच्या मागे आम्हाला उभं करणार का?

"हो" म्हणाले तर शेजारी बरोबर. समजा हव्या शाळेत ६० जागा आणि तिला पहिला क्रम देणारे १५०. दुसरीत ६० जागा आणि पहिला क्रम देणारेही ६०. तुमचा लॉटरी नंबर (सोडतीत आलेला; लहान नंबर आधी) ९५. पहिली बहुधा हुकणार, आणि दुसरीत २०० नंबरवालाही बसून मोकळा झालेला. बॉस्टनमध्ये २००५ पर्यंत हेच चालायचं.

"नाही" म्हणाले तर ती डिफर्ड ॲक्सेप्टन्स पद्धत. तिथे वाटप संपेपर्यंत प्रत्येक जागा तात्पुरती असते. पहिलीतून नाव गळलं की अर्ज दुसरीकडे सरकतो आणि तुमचा ९५ तिथल्या २०० ला उठवतो. बॉस्टनने नंतर हीच पद्धत घेतली. इथे मनातला खरा क्रमच लिहा, डावपेच अंगलट येतात. फक्त रकाने पाचच असल्यामुळे शेवटी एखादी सहज मिळणारी शाळा हवीच.

एकच शाळा पाचदा लिहून काही होत नाही. ती एकदाच धरतात आणि बाकी चार रकाने फुकट जातात.

दगडीपाटी
जवळच्या जागेबद्दल: काही ठिकाणी बदली मंजूर होऊन तुम्ही ती स्वीकारेपर्यंत ती जागा तुमचीच राहते, काही ठिकाणी ठरलेली शाळा असा प्रकारच नसतो. लेखी विचारून घ्या. भावंडाचं प्राधान्य मोठं मूल पुढच्या वर्षीही त्याच शाळेत असेल तरच सहसा लागू होतं. ते शेवटच्या इयत्तेत असेल तर नाही. हद्दीबाहेरच्या शाळेला बस बऱ्याचदा मिळत नाही. आणि मिडल स्कूल पुन्हा पत्त्यावरूनच ठरणार का, हे आत्ताच बघा. लोक हे हमखास विसरतात.

पारिजातक
नियमपत्रिकेत "पहिल्या क्रमाचे अर्ज आधी भरले जातील" असं वाक्य सापडलं.

ओवी
मग पहिला प्रकार. गेल्या वर्षीचे शाळावार आकडे मागवा: जागा, पहिल्या क्रमाचे अर्ज, त्यातली भावंडं. वरच्या उदाहरणात २० भावंडं असतील तर उरल्या ४० जागांना १३० जण. दुसरी शाळा वर टाकलीत तर ६० जागांना ६१.