प्रतिसाद: ‘तोदा’ म्हणजे केवळ आभार नव्हे

हिब्रू भाषेतील स्तुतिवाचक शब्द हे एकाच भावनेचे पर्याय आहेत, असे आपण आपल्या लेखात लिहिले आहे. ते मला पूर्णपणे पटत नाही. ‘हालेलुया’मधील ‘हलेलू’ हे अनेकवचनी आज्ञार्थी रूप असल्यामुळे तो देवाला उद्देशून काढलेला उद्गार नसून ‘याहचे (म्हणजे देवाचे) स्तवन करा’ असे उपासनेला जमलेल्या मंडळीला केलेले आवाहन आहे. ‘जामर’ (स्तुतिगान करणे) या धातूत तंतुवाद्याच्या साथीची छटा आहे.

‘तोदा’ मात्र अधिक विचार करण्याजोगा शब्द आहे. बायबलमधील लेवीय या पुस्तकात (7:12-15) तो उपकारस्तुतीच्या यज्ञासाठी येतो, ज्यात भाकरी अर्पण केल्या जात आणि यज्ञपशूचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे लागे; म्हणजे स्तुती ही नुसती ओठांवर न राहता पंगतीत उतरत असे. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतील भाकर व द्राक्षारसाच्या विधीला, ग्रीकमध्ये ‘उपकारस्तुती’ याच अर्थाचा शब्द रूढ झाला, हे येथे लक्षात घ्यावे.

आम्हां अलिबाग-रेवदंडा परिसरातील ख्रिस्ती लोकांना हे शब्द परके वाटू नयेत, कारण याच किनाऱ्यावर बेने इस्राएल या ज्यू समाजातील शेजाऱ्यांनी घरात मराठी बोलत हिब्रू प्रार्थना जपल्या.