अँटीबॉडी यायला आठवडा, मग तोवर फ्लूशी लढतं कोण?

कोथरूडकर_७
पोरगा तीन दिवस फ्लूने आडवा आहे, टीशर्ट काढतानाही ओरडतो इतकं अंग ठणकतंय. २००९ला स्वाइन फ्लूत अख्खं पुणं मास्क लावून फिरलेलं आठवतंय त्यामुळे जरा धाकधूक आहेच, डॉक्टरांना दाखवलंय. पण डोक्यात एक किडा वळवळतोय, अँटीबॉडी बनायला आठवडाभर लागतो म्हणतात, मग तोपर्यंत किल्ला कोण लढवतं? आमच्या आईचं उत्तर ठरलेलं, हळदीचं दूध.

पेशीवाली
खुद्द पेशीच लढतात की! फ्लूचा जीनोम म्हणजे आरएनएचे आठ तुकडे, त्यांच्या टोकाला तीन फॉस्फेट. आपल्या आरएनएचं टोक सहसा असं उघडं नसतं, त्यामुळे रिग-आय नावाचं प्रोटीन ते बरोबर हेरतं आणि मग पेशी इंटरफेरॉन, म्हणजे धोक्याचा इशारा देणारं प्रोटीन, सोडते. ती स्वतः बहुतेक मरते, पण इंटरफेरॉन शेजारणींना जाऊन चिकटतं आणि व्हायरस पोचायच्या आधीच त्यांच्यात शेकडो जीन चालू होतात. त्यातून बनणाऱ्या प्रोटीनपैकी आयएफआयटीएम३ व्हायरसला आत घेणाऱ्या पिशवीतच अडकवून ठेवतं, एमएक्सए त्याच्या आरएनएची कॉपी काढू देत नाही, आणि पीकेआर तर प्रोटीन बनवायचा कारखानाच बंद करतं, चोराला माल मिळू नये म्हणून आपलंच शटर खाली. (एक ते चारचा जोक कोणीही मारू नये)

जुना_सभासद
गंमत म्हणजे इंटरफेरॉन सापडलं तेच फ्लूमुळे. १९५७, लंडन, आयझॅक्स आणि लिंडेनमान. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर गरम करून निकामी केलेला फ्लूचा व्हायरस टाकला, तर नंतर जिवंत व्हायरस तिथे वाढेना.
आणि अंगदुखीचं म्हणाल तर त्यात इंटरफेरॉनचाही हात आहे बरं का. आमच्या मामाला हेपटायटिस सी होता, तेव्हा इंटरफेरॉनचीच इंजेक्शनं द्यायचे, इंजेक्शनच्या रात्री थंडी, ताप, सांधे ठणकणं, डिट्टो फ्लू, आणि फ्लूचा व्हायरस अंगात औषधालाही नाही.

कोथरूडकर_७
बापरे, म्हणजे ठणका आपल्याच सैन्याचा. पण मग व्हायरस वाढतोच कसा?

पेशीवाली
त्याच्याकडे एनएस१ नावाचं प्रोटीन आहे, ते रिग-आयचंच तोंड दाबतं. अलार्म जितका उशिरा वाजेल तितका त्याचा फायदा. दम लागला किंवा उतरलेला ताप परत चढला तर मात्र इथे विचारत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

कोथरूडकर_७
हो हो. आईला वाचून दाखवलं सगळं. म्हणे, मग ते इंटरफेरॉन वाढलं कशाने? दुधानेच ना.